अथेन्सच्या खुळ्यांची थोरवी

प्राचीन ग्रीसमध्ये वक्तृत्व शिकवणाऱ्या गुरूंना एक खोड होती. आपलं कसब दाखवायला ते अशा गोष्टींची स्तुती करायचे, की ज्यांची स्तुती करायचं कोणाच्या स्वप्नातही येणार नाही. कोणी मिठाची थोरवी गायली, कोणी भुंग्याची. जिच्यापायी ट्रॉयचं युद्ध पेटलं त्या हेलनचं वकीलपत्र गॉर्जियासने घेतलं. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात लुशियनने माशीचे गोडवे गायले. हीच रीत उचलून इरॅस्मसने पुढे मूर्खपणालाच व्यासपीठावर उभं केलं आणि स्वतःची स्तुती स्वतःच्याच तोंडाने करायला लावली. ते पुस्तक १५११ साली छापून आलं. त्या रांगेत शेवटी उभं राहून मलाही मूर्खपणाची बाजू मांडायची आहे. मला ती बाजू खरी वाटते, आणि तिला ग्रीक तत्त्वज्ञांइतके चांगले साक्षीदार दुसरीकडे मिळत नाहीत.

मूर्खपणा कोणता, हे आधी सांगायला हवं. समर्थांनी दासबोधात मूर्खलक्षणांचा एक समास लिहिला आणि त्याच दशकाच्या शेवटी पढतमूर्खासाठी वेगळा समास ठेवला. त्या दोघांची वकिली मी करत नाही. माझा खुळा निराळा आहे. तो चारचौघांत हसं झालं तरी कळलं नाही ते कळलं नाही असंच म्हणतो, नको आहे ते नको आहे असंच म्हणतो, आणि लोक हसून मोकळे झाले की पुन्हा तोच प्रश्न विचारतो. ग्रीक तत्त्वज्ञान अशा माणसांच्या जिवावर उभं राहिलं. तेही रस्त्यावर, चांभाराच्या दुकानात, जेवणाच्या पंगतीत, मुलांना काय शिकवावं या घरगुती चर्चेत.

पहिला मान मिलेटसच्या थेलीसचा. इ.स.पू. सहाव्या शतकातला हा माणूस आकाशातले तारे बघत चालला आणि विहिरीत पडला. ते पाहून थ्रेसकडची एक दासी हसली: याला आभाळात काय चाललंय ते हवं, पायाखालचं दिसत नाही! ही गोष्ट प्लेटोने सांगितली आहे आणि वर असंही म्हटलं आहे, की तत्त्वज्ञानात आयुष्य घालवणाऱ्या प्रत्येकाला हा टोमणा लागू पडतो. थेलीसच्या चाहत्यांना ही विहीर झोंबते, म्हणून ते अ‍ॅरिस्टॉटलने दिलेली दुसरी गोष्ट पुढे करतात. ऑलिव्हचं पीक जोरात येणार, हे ओळखून थेलीसने हिवाळ्यातच मिलेटस आणि कायॉसमधले तेलाचे घाणे थोडीथोडी आगाऊ रक्कम देऊन ताब्यात घेतले आणि हंगामात हव्या त्या दराने भाड्याने दिले. म्हणजे मनात आणलं, तर तत्त्वज्ञही श्रीमंत होऊ शकतो. गोष्ट चांगली आहे, पण मला विहिरीतलाच थेलीस जवळचा वाटतो. घाण्यांचा सौदा करणारे मिलेटसमध्ये पुष्कळ असतील. जग कशाचं बनलं आहे, असं विचारत वर बघत चालणारा तो एकच होता, आणि त्यासाठी पडावं लागलं तर तो पडला.

खरा मुक्काम मात्र अथेन्समध्ये करायला हवा, कारण तिथे सॉक्रेटिस राहत होता. बाप दगड घडवणारा, आई सुईण, पायांत बहुधा काही नाही. पॉटिडियाच्या वेढ्यात सैनिक असताना एका सकाळी त्याला काहीतरी सुचलं आणि तो विचार करत जागच्या जागी उभा राहिला. दुपार झाली, संध्याकाळ झाली, हा हलेना. आयोनियाच्या काही सैनिकांनी जेवून झाल्यावर आपली अंथरुणं बाहेर आणली आणि गारव्यात पडून पाहत राहिले, हा रात्रभर उभा राहतो की काय. तो राहिला. उजाडल्यावर सूर्याला प्रार्थना करून निघून गेला. मला त्या सैनिकांबद्दलही आपुलकी वाटते. ते कुतूहलापोटी बघत बसले, पण बसले.

गावात त्याची बैठक कुठे असायची, याचा एक पत्ता हाती लागला आहे. अथेन्सच्या अगोराच्या, म्हणजे बाजारचौकाच्या कडेला उत्खननात एक लहान घर सापडलं. त्यात लोखंडी खिळे निघाले, जोड्यांच्या तळव्याला ठोकायचे. हाडाची छोटी कडी निघाली, चामड्याच्या बंदांसाठीची. आणि काळ्या झिलईच्या एका पेल्याचं बूड निघालं. त्यावर नाव कोरलेलं होतं, ‘सिमोनचा’. तत्त्वज्ञांची चरित्रं लिहिणारा डायोजिनीस लाएर्शियस सांगतो, की सॉक्रेटिस सिमोन नावाच्या चांभाराच्या दुकानात येऊन बोलत बसायचा आणि सिमोन आठवेल तेवढं टिपून ठेवायचा. पेरिक्लीजने या सिमोनला आपल्याकडे बोलावलं, पोटापाण्याची सोय करतो म्हणाला. सिमोनने नकार दिला; मोकळं बोलण्याची मुभा त्याला विकायची नव्हती. तो पेला याच सिमोनचा, असं छातीठोकपणे सांगता येत नाही. पण जागा तीच, धंदा तोच, काळ तोच. अथेन्सच्या सर्वांत बलाढ्य पुढाऱ्याला नाही म्हणणं कोणाही व्यवहारी माणसाला खुळेपणाच वाटेल, आणि मी स्तुती करतो आहे ती नेमकी त्याचीच.

सॉक्रेटिसचा खुळेपणा किती घरगुती होता, हे पाहायचं तर प्लेटोचा ‘लॅकीज’ हा छोटा संवाद घ्यावा. दोन म्हातारे बाप आहेत, लायसिमॅकस आणि मेलेसियस. दोघांचे वडील अथेन्सचे नामवंत पुरुष. या दोघांच्या हातून मात्र विशेष काही झालेलं नाही. लायसिमॅकस हे अगदी सरळ कबूल करतो: आम्ही एकत्र जेवतो, मुलांना त्यांच्या आजोबांचे पराक्रम सांगतो, पण स्वतःचं सांगण्यासारखं आमच्यापाशी काही नाही. आपल्या बापांनी राज्याची कामं केली आणि आमच्याकडे बघितलं नाही, असा त्याचा सल आहे. म्हणून आता मुलांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, असं दोघांनी ठरवलं आहे. पूर्ण चिलखत घालून लढण्याची विद्या शिकवणारा एक गुरू गावात आला आहे. मुलांना त्याच्याकडे घालावं का? म्हणजे प्रश्न साधा आहे, मुलांना हा क्लास लावावा की नाही. सल्ल्याला कोण, तर निकियस आणि लॅकीज हे दोन सेनापती.

निकियस म्हणतो, लावा. पुढे उपयोगी पडेल. लॅकीज म्हणतो, काही उपयोग नाही; हे शिकवणारे रणांगणावर कधी चमकलेले मी पाहिले नाहीत. दोन तज्ज्ञ, दोन मतं. लायसिमॅकस तिथेच असलेल्या सॉक्रेटिसकडे वळतो: आता तुझं मत ज्याच्या बाजूला पडेल, तसं करू. सॉक्रेटिस विचारतो, मुलांचं भलं काय हे मोजून ठरवायचं, की जाणणाऱ्याला विचारून? आणि आपल्यातला जाणणारा कोण? गाडी क्लासवरून उतरते ती तिथे. क्लास लावायचा शौर्यासाठी. मग शौर्य म्हणजे काय?

लॅकीजला हा प्रश्न सोपा वाटतो. रांग न सोडता शत्रूसमोर ठाम उभा राहतो तो शूर. डेलियमच्या लढाईतल्या पळापळीत सॉक्रेटिस किती धीराने मागे आला, हे त्याने स्वतः पाहिलेलं आहे; या माणसाशी बोलायला त्याची हरकत नाही. सॉक्रेटिस विचारतो, मग माघार घेत घेत लढणारे सिथियन घोडेस्वार? आणि आजारपणात, गरिबीत, समुद्रावर, स्वतःच्याच वासनांशी झुंजताना जे धीर सोडत नाहीत, ते? लॅकीज अडखळतो, दुसरी व्याख्या देतो, तीही टिकत नाही. मग हा रांगडा सेनापती जे बोलतो ते मला फार मोलाचं वाटतं. मनात काय आहे ते मला ठाऊक आहे असं वाटतं, पण शब्दांत पकडायला जावं तर निसटतं, म्हणून तो स्वतःवरच चिडतो. आयुष्यभर लढलेला माणूस, आणि दोन मुलांसमोर, दोन म्हाताऱ्यांसमोर म्हणतो की शौर्य मला सांगता येत नाही.

निकियस जास्त शिकलेला आहे. तो म्हणतो, कशाची भीती धरावी आणि कशाची धरू नये याचं ज्ञान म्हणजे शौर्य. हेही शेवटी टिकत नाही. त्या चर्चेत एक बारीक वाक्य जातं: कायद्याने ज्योतिषी सेनापतीच्या हाताखाली असतो, सेनापती ज्योतिष्याच्या हाताखाली नसतो. प्लेटोच्या वाचकांना इथे चटका बसला असणार. इ.स.पू. ४१३ मध्ये सिसिलीत याच निकियसने चंद्रग्रहण झालं म्हणून ज्योतिष्यांचं ऐकून सैन्याची माघार लांबवली. ते सगळं सैन्य गारद झालं आणि तोही मारला गेला. ज्याने व्याख्या सगळ्यांत नेटकी केली, त्याचं वर्तन असं झालं. त्याच्या शेजारी चिडलेला, गोंधळलेला लॅकीज मला उजवा वाटतो.

संवादाचा शेवट निकालाशिवाय होतो. शौर्य म्हणजे काय ते कोणालाच कळलेलं नाही. सॉक्रेटिस म्हणतो, तर मग मुलांचं राहू द्या, आधी आपल्यालाच गुरू शोधूया. आणि या वयात शाळेत निघालात का म्हणून कोणी हसलं, तर हसू द्या. लायसिमॅकस तयार होतो. मी सगळ्यांत म्हातारा, म्हणून मीच सगळ्यांत उत्सुकतेने या मुलांबरोबर शिकेन, असं तो म्हणतो आणि सॉक्रेटिसला दुसऱ्या दिवशी सकाळी घरी यायला सांगतो. आयुष्यात सांगण्यासारखं काही केलं नाही म्हणणाऱ्या त्या म्हाताऱ्याने हे एक केलं. माझ्या मते त्याच्या नामवंत बापाच्या पराक्रमांशेजारी ते शोभेल असं आहे.

अशा माणसाला गाव फार दिवस सहन करत नाही. इ.स.पू. ४२३ मध्ये अ‍ॅरिस्टोफेनिसने ‘ढग’ नाटकात सॉक्रेटिसला टोपलीत बसवून रंगमंचावर अधांतरी लटकावलं, पिसू किती लांब उडी मारते हे मोजणारा म्हणून दाखवलं आणि त्याचं हसं केलं. इ.स.पू. ३९९ मध्ये हसण्याची जागा खटल्याने घेतली. तीस मतं इकडची तिकडे झाली असती तर तो सुटला असता. दोषी ठरल्यावर कायद्याप्रमाणे त्याला विचारलं, तुझ्या मते शिक्षा काय असावी? तो म्हणाला, ऑलिंपिक विजेत्यांना नगरभवनात जेवण मिळतं तसं मला द्या. वकील असता तर त्याने कपाळाला हात लावला असता. पण सॉक्रेटिसला जे खरं वाटत होतं, त्याचा हिशेब तेवढाच निघत होता. त्याने तो मांडला.

त्याच्यानंतर हा खुळेपणा सिनिक पंथाच्या तत्त्वज्ञांनी रस्त्यावर आणला. सिनोपीचा डायोजिनीस अथेन्समध्ये एका मोठ्या मातीच्या रांजणात राहायचा. भर दिवसा दिवा घेऊन माणूस शोधण्याची त्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. मला आवडते ती दुसरी: तो एका पुतळ्यापुढे हात पसरून भीक मागत होता. हे काय चाललंय, म्हणून विचारलं तर म्हणाला, नकार पचवायचा सराव करतो आहे. आपण नकाराच्या भीतीने किती गोष्टी मागतच नाही, किती माणसांशी बोलतच नाही, याचा विचार केला की हा सराव खुळ्यासारखा वाटेनासा होतो.

आणि क्रेटीज. थीब्जचा हा श्रीमंत माणूस सगळं वाटून टाकून रस्त्यावर आला. हिप्पार्किया नावाच्या चांगल्या घरच्या मुलीने त्याच्याशीच लग्न करण्याचा हट्ट धरला. आईबापांनी क्रेटीजलाच गळ घातली, की तूच तिची समजूत घाल. तो तिच्यापुढे उभा राहिला, अंगावरचे कपडे उतरवले आणि म्हणाला, हा नवरा, आणि ही त्याची इस्टेट, ठरव. तिने ठरवलं. ती त्याच्यासारखेच कपडे घालून त्याच्याबरोबर गावभर हिंडली, पुरुषांच्या मेजवान्यांना गेली, वाद घातले. तिने कोणता ग्रंथ मागे ठेवला हे मला तितकं महत्त्वाचं वाटत नाही. गाव काय म्हणेल याची पर्वा तिने केली नाही, हे पुरेसं आहे.

याच क्रेटीजकडे सायप्रसचा झीनो शिकायला आला. जांभळ्या रंगाचा माल भरलेलं त्याचं जहाज बुडालं होतं, आणि अथेन्सच्या एका पुस्तकाच्या दुकानात सॉक्रेटिसविषयी वाचून त्याने विचारलं होतं, अशी माणसं कुठे भेटतात? तेवढ्यात क्रेटीज समोरून चालला होता; दुकानदाराने बोट दाखवलं. झीनो हुशार होता, पण लाजाळू. म्हणून क्रेटीजने त्याला पहिला धडा दिला तो असा: मसुरीच्या आमटीचं मडकं हातात दिलं आणि सांगितलं, हे घेऊन केरामेकॉसमधून चाल. केरामेकॉस म्हणजे कुंभारवाडा, वर्दळीचा भाग. भल्या घरच्या तरुणाने भर रस्त्यातून आमटीचं मडकं मिरवायचं! झीनोने ते अंगरख्याखाली लपवलं. क्रेटीजने काठी मारून मडकं फोडलं. आमटी झीनोच्या मांड्यांवरून, पोटऱ्यांवरून ओघळली आणि तो पळत सुटला. क्रेटीज मागून ओरडला, पळतोस कशाला, पोरा? तुझं काही वाईट झालेलं नाही!

हाच झीनो इ.स.पू. ३०० च्या सुमारास चित्रांनी सजवलेल्या ओसरीत शिकवू लागला, आणि त्या ओसरीवरून त्याच्या पंथाला स्टोइक हे नाव पडलं. आज त्या पंथाला फार भाव आहे. मार्कस ऑरिलियसची वचनं मोबाइलच्या पडद्यावर झळकतात, कामाचा ताण कसा सोसावा यासाठी स्टोइकांचे दाखले दिले जातात. त्यात वाईट काही नाही. माणसाला धीर लागतो. पण पायांवरून आमटी ओघळल्याशिवाय झीनो घडला नव्हता, हे त्या वचनांमधून गाळलं जातं याचं मला वाईट वाटतं. शांत राहण्याची विद्या शिकायची आणि लोक हसतील ही भीती मात्र तशीच जपायची, हे जमण्यासारखं नाही. स्टोइक धीराची सुरुवातच त्या भीतीवर काठी मारून झाली.

एलिसचा पिऱ्हो अलेक्झांडरच्या स्वारीबरोबर भारतापर्यंत आला होता आणि इथल्या नग्न तपस्व्यांना भेटला होता. परत जाऊन तो बाजारात कोंबड्या विकायला न्यायचा, घर झाडायचा, डुकराला अंघोळ घालायचा, आणि कशाविषयीही ठाम मत द्यायला नकार द्यायचा. त्याच्यावर लिहायचं तर वेगळा लेख हवा.

आपल्याशी आणखी जवळून जोडलेला धागा आहे तो मिनँडरचा. इ.स.पू. दुसऱ्या शतकातला हा ग्रीक राजा आपल्याकडे मिलिंद म्हणून ओळखला जातो. सागल नगरीत त्याने एकेका पंडिताला वादात गप्प केलं आणि जंबुद्वीप रिकामं आहे, असा उद्गार काढला, असं ‘मिलिंदपन्ह’ या पाली ग्रंथात आहे. मग नागसेन भिक्षू आले. त्यांनी वादाला एक अट घातली: महाराज, पंडितांच्या रीतीने बोलणार असाल तर बोलतो, राजाच्या रीतीने असेल तर नाही. पंडित वादात अडकतात, सुटतात, चूक निघाली तर रागावत नाहीत. राजे आपलं म्हणणं मांडतात आणि न मानणाऱ्याला शिक्षा फर्मावतात. मिलिंदाने अट मान्य केली. रथाच्या दृष्टांतावर तो पेचात सापडला, तेव्हा त्याच्याच पाचशे यवन दरबाऱ्यांनी नागसेनांना वाहवा दिली आणि राजाला म्हणाले, आता जमत असेल तर सुटा यातून! भर दरबारात आपली माणसं आपल्यावर उलटलेली पाहून राजाने कोणाचं डोकं उडवलं नाही. त्याने पुढचा प्रश्न विचारला. राजकारणाच्या हिशेबाने हा शुद्ध खुळेपणा. त्याच खुळेपणामुळे हा राजा आजही आपल्या ओळखीचा राहिला.

बाबासाहेब आंबेडकरांनी तेव्हाच्या औरंगाबादेत १९५० साली जे महाविद्यालय सुरू केलं, त्याला पुढे या प्रश्न विचारणाऱ्या राजाचं नाव दिलं, आणि त्या परिसराला नागसेनांचं. मराठवाड्यातल्या ज्या मुलांना पिढ्यान् पिढ्या प्रश्न विचारायची मुभाच नव्हती, त्यांच्यासाठी काढलेल्या महाविद्यालयाला याहून समर्पक नाव मला सुचत नाही.

म्हणून वाचकांना एक विनंती. सोसायटीच्या सभेत, पालकसभेत, कार्यालयातल्या बैठकीत कोणी ‘विकास’, ‘संस्कार’, ‘गुणवत्ता’ असा भारदस्त शब्द उच्चारला आणि सगळ्यांनी माना डोलावल्या, तर तुम्ही हात वर करा आणि म्हणजे काय ते विचारा. उत्तर मिळालं, तर त्यावर पुढचं विचारा. तयारी म्हणून आधी ‘लॅकीज’ वाचा. एका बैठकीत वाचून होतो. जमलं तर घरातल्या मुलांबरोबर मोठ्याने वाचा, निकियस एकाने, लॅकीज दुसऱ्याने, आणि लायसिमॅकसचं काम घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला द्या.